दुकानाच्या पाटीवरचा नाताळ

१६४७ सालचा डिसेंबर. इंग्लंडमधल्या कँटरबरी शहराच्या महापौरांनी दवंडी पिटवली, की २५ तारखेला बाजार नेहमीसारखा भरेल आणि दुकानदारांनी दुकानं उघडी ठेवावीत. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ हा सणच रद्द करून टाकला होता.

बहुतेक दुकानदारांनी तरीही दारं बंद ठेवली. मोजक्या काहींनी हुकूम मानून दुकान उघडलं. मग जमाव आला. उघड्या दुकानांतला माल रस्त्यावर भिरकावला गेला, दारं बंद करायला लावली गेली. महापौर मध्ये पडले तर त्यांनाही मार बसला. लोकांनी घरांच्या दारांशी नाताळची हिरवी पानं लावली आणि रस्त्यात फुटबॉल आणून खेळ मांडला.

आता तिथून साडेतीनशे वर्षं पुढे, आणि अटलांटिकच्या पलीकडे येऊ. २००५ सालचा डिसेंबर. अमेरिकेत लाखो ग्राहक टार्गेट नावाच्या दुकानसाखळीवर बहिष्कार घालायच्या अर्जावर सह्या करत होते. दुकान उघडं की बंद, हा वाद आता नव्हता. आक्षेप एवढाच होता, की जाहिरातींत 'हॉलिडे' असं लिहिलंय, 'ख्रिसमस' असं लिहिलेलं नाही.

म्हणजे नाताळवरून दुकानदार सगळ्या बाजूंनी बोलणी खाऊन झाला आहे. सणाच्या दिवशी दुकान उघडलं म्हणून, सणाचा बाजार मांडला म्हणून, आणि सणाचं नाव गाळलं म्हणूनही. 'दुकानांनी जाहिरातीत ख्रिसमसचं नाव घ्यावं का?' हा प्रश्न ऐकायला आजकालच्या सोशल मीडियावरच्या भांडणासारखा वाटतो. पण त्याचा इतिहास उलगडला की दिसतं, वाद धर्माचा कमी आणि मालकीचा जास्त आहे. डिसेंबरातला रस्ता कोणाचा? त्या रस्त्यावर यजमान कोण आणि पाहुणा कोण?

नावच नको म्हणणारे भाविक

आधी एक गंमत. 'ख्रिसमस' या नावाला सर्वांत कडवा विरोध ज्यांनी केला, ते स्वतः अत्यंत भाविक ख्रिश्चन होते. प्युरिटन मंडळींचं म्हणणं असं, की बायबलमध्ये २५ डिसेंबर ही तारीख कुठेच नाही, हा सण माणसांनी मागाहून चिकटवलेला आहे. शिवाय 'ख्रिसमस' या शब्दातला 'मस' म्हणजे कॅथलिकांचा 'मास', चर्चमधली उपासना. तो शब्द तोंडी नको म्हणून त्यांच्यातले काही जण 'ख्राइस्ट-टाइड' म्हणायचे.

हीच मंडळी अमेरिकेत जाऊन वसली. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६५९ मध्ये कायदा झाला: काम बंद ठेवून, मेजवानी करून किंवा अन्य कोणत्याही प्रकारे ख्रिसमस पाळताना कोणी सापडलं, तर पाच शिलिंग दंड. हा कायदा १६८१ पर्यंत टिकला, आणि तो रद्द झाल्यानंतरही त्या भागात २५ डिसेंबर हा कित्येक पिढ्या कामाचाच दिवस राहिला. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची अधिकृत सुट्टी मिळाली ती थेट १८५६ मध्ये. वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तर १८७० मध्ये.

आज 'आमचा हजारो वर्षांचा सण बाजारातून पुसला जातोय' असं कोणी अमेरिकेत म्हणतं, तेव्हा हे लक्षात ठेवलेलं बरं. त्या देशातल्या जुन्यातल्या जुन्या ख्रिश्चन वसाहतींपैकी एकीत हा सण पाळणं हाच गुन्हा होता.

'एक्समस' या शब्दावरही असाच राग असतो. लोकांना वाटतं, ख्रिस्ताचं नाव खोडून तिथे फुली मारली. पण तो 'एक्स' म्हणजे ग्रीक लिपीतलं 'खी' हे अक्षर, ख्रिस्त या शब्दाचं आद्याक्षर. ख्रिस्ती लेखनिक हे लघुरूप शेकडो वर्षं वापरत आले आहेत. फुली वाटते ती खरं तर सही आहे.

दुकानाने वाढवलेलं मूल

मग आज आपल्याला ठाऊक असलेला नाताळ, म्हणजे सजवलेलं झाड, लाल कोटातला सांता, मुलांना भेटवस्तू, हा आला कुठून?

इतिहासकार स्टीफन निसेनबॉम यांनी १९९६ च्या 'द बॅटल फॉर ख्रिसमस' या पुस्तकात याची कहाणी मांडली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी शहरांतला नाताळ म्हणजे बराचसा दंगा होता. दारू पिऊन टोळकी रस्त्यावर फिरायची, श्रीमंतांच्या दारात जाऊन खायला-प्यायला मागायची. आपल्याकडे होळीला पोस्त मागतात, तसाच थोडा प्रकार, पण जास्त धसमुसळा. न्यूयॉर्कमधल्या सुखवस्तू घरांना हे नकोसं झालं. त्यांनी सण रस्त्यावरून उचलून घरात आणला आणि त्याच्या मध्यभागी मुलांना बसवलं. १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका वर्तमानपत्रात सेंट निकोलस घरात येऊन भेटी ठेवून जातो अशी एक निनावी कविता छापून आली, आणि पुढच्या काही दशकांत हा म्हातारा घराघरात पोहोचला.

मुलांना भेटी द्यायच्या म्हणजे त्या विकत आणायच्या. घरगुती नाताळ आणि दुकानातला नाताळ असे दोन नाताळ नव्हतेच. ती जुळी भावंडं होती. दारातल्या गरिबाला वाटून द्यायचं, त्याऐवजी आता दुकानातून आणून आपल्याच मुलाला द्यायचं, एवढा बदल झाला.

न्यूयॉर्कचं मेसीज हे दुकान १८६७ मध्ये नाताळच्या आदल्या रात्री बारापर्यंत उघडं राहिलं. १८८० मध्ये एफ. डब्ल्यू. वूलवर्थ यांनी जर्मनीत बनलेले काचेचे गोळे झाडाच्या सजावटीसाठी विकायला ठेवले. हा माल खपेल असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं, आणि तो हातोहात गेला. फिलाडेल्फियाचे जॉन वॉनामेकर हे तर रविवारची धर्मशाळा चालवणारे निष्ठावंत ख्रिश्चन. १९११ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या नव्या इमारतीच्या उंचच उंच दालनात भलामोठा ऑर्गन बसवला होता. डिसेंबरात तिथे हे दालन चर्चसारखं सजवायचे आणि ग्राहक खरेदी थांबवून नाताळची भजनं म्हणायचे.

या काळात कोणत्याही दुकानाने 'ख्रिसमस' हा शब्द टाळला नाही. उलट तक्रार अशी होती, की दुकानं हा शब्द फारच वापरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर काही चर्चसंघटनांनी 'ख्रिसमसमध्ये ख्रिस्ताला परत आणा' अशी मोहीम सुरू केली, तेव्हा त्यांचा रोख काचेआडच्या खेळण्यांवर होता. पाटीवरच्या शब्दाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. सणाचं नाव दुकानावर असणं हाच तेव्हा सणाचा अपमान वाटायचा. पन्नास-साठ वर्षांत हीच तक्रार शीर्षासन करून उभी राहणार होती.

नाव घेणारे कोण होते?

या गोष्टीत एक दालन असं आहे, ज्याकडे 'नाव घ्या' म्हणणारे आणि 'नाव नको' म्हणणारे दोघेही फारसे वळत नाहीत.

अमेरिकेतली कितीतरी मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स ज्यू कुटुंबांची होती: ब्लूमिंगडेल, गिंबल, फाइलीन. मेसीज १८९० च्या दशकात जर्मनीतून आलेल्या स्ट्रॉस या ज्यू कुटुंबाच्या हाती गेलं. याच मेसीजने १९२४ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मिरवणूक काढली आणि तिच्या शेवटी सांताक्लॉज आणला. या मिरवणुकीचं पहिलं नाव काय होतं? मेसीज ख्रिसमस परेड.

१९३९ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीने मुलांना फुकट वाटायला एक गोष्टीचं पुस्तक काढलं. लाल नाकाच्या रुडॉल्फ रेनडिअरचा जन्म हा असा जाहिरातीतून झाला. पहिल्याच वर्षी सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. लेखक होते दुकानाच्या जाहिरात विभागातले नोकर रॉबर्ट मे, आणि तेही ज्यू. त्याच सुमारास 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणं लिहिणारे आयर्व्हिंग बर्लिनही ज्यूच.

यात फसवणूक नव्हती, नमतं घेणंही नव्हतं. नव्या देशात आलेल्या माणसांनी तिथल्या सर्वांत मोठ्या सणाचा मांडव स्वतः घातला आणि त्यात आपलीही जागा केली. मुंबईत गणपतीच्या मखरांची किंवा दिवाळीच्या कपड्यांची उलाढाल कोणकोणत्या धर्मांच्या हातांतून होते हे ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण नेमक्या याच काळात 'दुकानातून ख्रिसमस पुसला जातोय' ही कुजबुज पहिल्यांदा मोठ्याने बोलली गेली. मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांच्या 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' या साप्ताहिकाने १९२० पासून ज्यूंविरुद्ध एक विखारी लेखमाला चालवली. त्यातला एक आरोप असा होता, की हल्ली नाताळच्या शुभेच्छापत्रांवर कोणाचा तरी जन्म झाला होता याचा उल्लेखच सापडत नाही, आणि यामागे ज्यू आहेत.

१९५९ मध्ये जॉन बर्च सोसायटी या कट्टर कम्युनिस्टविरोधी संघटनेने पत्रक काढलं. त्यात खलनायक बदलला होता. म्हणे कम्युनिस्ट आणि संयुक्त राष्ट्रांचे भक्त मिळून डिपार्टमेंट स्टोअरमधली नाताळची सजावट काढून तिथे संयुक्त राष्ट्रांची चिन्हं लावणार आहेत.

खलनायक दर पिढीत बदलतो, तक्रारीचा साचा तोच राहतो. नाव गेलं, म्हणजे कोणीतरी चोरलं.

'हॉलिडे' शब्दाचा गुन्हा

खरं म्हणजे 'हॉलिडे' हा शब्दच मुळात 'होली डे', पवित्र दिवस. 'हंगामाच्या शुभेच्छा' अशा अर्थाचे शब्दप्रयोग इंग्रजीत एकोणिसाव्या शतकातही सर्रास होते. 'हॅपी हॉलिडे' नावाचं गाणं आलं १९४२ मध्ये, आणि ते रचलं होतं 'व्हाइट ख्रिसमस'वाल्या बर्लिन यांनीच. दोन्ही गाणी एकाच चित्रपटातली आहेत. तेव्हा कोणालाही त्या दोन शब्दांत भांडण दिसलं नाही. थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंतचा सगळा काळ एका शब्दात सांगायची ती सोय होती.

पुढे सोयीला धोरणाचं रूप आलं. हनुका हा ज्यूंच्या पंचांगातला तसा छोटा सण, पण तो डिसेंबरच्या आसपास येतो म्हणून अमेरिकेत त्याचा थाट वाढला. १९६६ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन समाजासाठी क्वांझा हा नवा उत्सव सुरू झाला. आशियातून स्थलांतर वाढलं. मोठ्या कंपन्यांनी हिशेब केला: एकाच शब्दात सगळे गिऱ्हाईक मावत असतील, तर तोच शब्द बरा.

दरम्यान न्यायालयातही हा प्रश्न गेला होता, आणि तोही दुकानांच्या वाटेने. ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट गावात बाजारपेठेच्या मध्यावरच्या बागेत नगरपालिका दरवर्षी नाताळची सजावट मांडायची. ती उभी करण्यात व्यापाऱ्यांच्या संघटनेचाही हात असे. सांताचं घर, रेनडिअर, झाड, एक विदूषक, एक हत्ती, अस्वल, 'सीझन्स ग्रीटिंग्ज'चा फलक, आणि या सगळ्यांच्या बरोबरीने येशूजन्माचा देखावा. सरकारी पैशाने धार्मिक देखावा चालेल का? १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: चालेल. कारण त्या गर्दीत तो देखावा सणाच्या हंगामाचाच एक भाग ठरतो.

विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी त्यावर लिहिलं ते भाविकांनी वाचावं असं आहे. त्यांचा मुद्दा असा, की या निकालाने येशूजन्माचा देखावा जिंकला खरा, पण कशाच्या मोबदल्यात? तो आता हंगाम आल्याची वर्दी देणारी, धंद्याला उपयोगी पडणारी एक वस्तू झाला, त्याचा स्वतःचा अर्थ उरला नाही.

या खटल्यातून आणखी एक गोष्ट समजते. अमेरिकी राज्यघटनेचं बंधन सरकारवर आहे. खासगी दुकानाला नाताळचं नाव घ्यायला कायद्याने कधीच मनाई नव्हती आणि आजही नाही. 'नाव घेऊ देत नाहीत' हे वाक्य दुकानांच्या बाबतीत मुळातच खोटं आहे. नाव घ्यायचं की नाही हे दुकान स्वतः ठरवतं.

गल्ल्यावरचं युद्ध

२००४ च्या नाताळात मेसीजच्या मालक कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियातून बहिष्काराची हाक आली. हो, तेच मेसीज, ज्याने ख्रिसमस परेड काढली होती. २००५ मध्ये फॉक्स न्यूजचे जॉन गिब्सन यांनी 'द वॉर ऑन ख्रिसमस' हे पुस्तकच लिहिलं, आणि त्याच वाहिनीवर बिल ओ'रायली रोज रात्री कोणतं दुकान काय म्हणतं ते सांगू लागले. अमेरिकन फॅमिली असोसिएशनने टार्गेटविरुद्ध बहिष्कार पुकारला. डिसेंबरातच टार्गेटने जाहीर केलं, की यापुढे जाहिरातींत ख्रिसमस हा शब्द असेल. पुढच्या वर्षी वॉलमार्टनेही नाव परत आणलं.

या विजयाने काय बदललं ते बघा. दुकानातला माल बदलला नाही, भाव बदलले नाहीत. गल्ल्यावर उभ्या असलेल्या बाईचा पगार किंवा सणाच्या आठवड्यातले तिचे कामाचे तास यांबद्दल या मोहिमांनी काही मागितलंच नव्हतं.

इथे शंभर वर्षांपूर्वीची एक वेगळी मोहीम आठवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरेन्स केली आणि त्यांची नॅशनल कन्झ्युमर्स लीग ग्राहकांना सांगत होती, की खरेदी लवकर उरका. कारण शेवटच्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत उभ्या असलेल्या दुकानांतल्या मुलींचे आणि माल पोहोचवणाऱ्या पोरांचे हाल होतात. त्यांनाही दुकानाकडून नाताळच्या नावाने काहीतरी हवं होतं, पण ते पाटीवर लिहून भागण्यासारखं नव्हतं. नाताळचा मान ठेवायचा म्हणजे नेमकं काय, याची ही दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत.

२०१५ मध्ये स्टारबक्सने नाताळचा कप साधा लाल ठेवला, त्यावर नेहमीची हरणं आणि बर्फाचे तारे नव्हते, तर त्यावरूनही रान उठलं. त्याच दुकानाच्या फळीवर 'ख्रिसमस ब्लेंड' नावाची कॉफी होती. ती ते १९८४ पासून विकत होते. शब्द हवा होता, तर तो समोरच होता. डोनाल्ड ट्रम्प यांनी मात्र त्या वादात उडी घेतली आणि 'आपण सगळे पुन्हा मेरी ख्रिसमस म्हणू' हे निवडणुकीचं आश्वासन केलं.

सामान्य ग्राहकाला याचं काय वाटत होतं? प्यू रिसर्च सेंटरने विचारलं, की दुकानांनी कसं अभिवादन करावं? २०१२ मध्ये ४२ टक्के लोकांना 'मेरी ख्रिसमस' हवं होतं. २०१७ मध्ये हा आकडा ३२ वर आला आणि ५२ टक्के लोक म्हणाले, आम्हाला काही फरक पडत नाही. बारा वर्षं 'युद्ध' चालल्यावर सैन्य वाढायच्या ऐवजी घटलं होतं.

मग नाव घ्यावं की नाही?

मला वाटतं, घ्यावं. जे विकताय त्याचं नाव घ्या. तुम्ही झाड विकता, त्यावरचा तारा विकता, सांताचे मोजे विकता, तर तो नाताळ आहे. त्याला 'हॉलिडे ट्री' म्हटल्याने ते झाड ज्यूंचं, मुसलमानांचं किंवा हिंदूंचं होत नाही. ज्यांचा तो सण आहे त्यांना ते पुळचट वाटतं, आणि ज्यांचा नाही त्यांना कळतं, की हे आपल्या नावाने केलेलं असलं तरी आपल्यासाठी नाही. एक साधी गोष्ट बघा. ज्यूंचे खरे मोठे दिवस, रोश हशाना आणि योम किप्पूर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास येतात. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. त्या वेळी अमेरिकेतलं कुठलं दुकान सगळ्यांना धरून 'हॅपी हॉलिडेज' म्हणतं? म्हणजे सर्वसमावेशक म्हणवणारा हा शब्दही येतो नाताळच्याच तारखेला, नाताळच्याच रंगात.

सामावून घ्यायचं असेल तर नाव गाळून ते होत नाही. आणखी नावं घेऊन, ज्याच्या त्याच्या दिवशी घेऊन होतं. अमेरिकेच्या टपाल खात्याने २०१६ मध्ये दिवाळीचं तिकीट काढलं. २०२४ मध्ये मॅटेलने मुंबईच्या अनिता डोंगरे यांनी सजवलेली दिवाळी बार्बी आणली. हेही मार्केटिंगच आहे, त्यात भाबडं व्हायचं कारण नाही. पण न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरातल्या मुलीला खोक्यावर 'दिवाळी' हा शब्द वाचता येतो, आणि त्यासाठी कोणाचा 'ख्रिसमस' खोडावा लागलेला नाही.

मात्र दुकानाने नाव घेणं वेगळं, आणि दुकानाकडून ते वदवून घेणं वेगळं. बहिष्काराच्या धाकाने काढून घेतलेला शब्द हा शुभेच्छा राहत नाही, ती हजेरी होते. त्याचा भार शेवटी पडतो तो गल्ल्यावरच्या माणसावर. अमेरिकेत तिथे यहोवाज विटनेस पंथाची बाई उभी असू शकते. ती ख्रिश्चन आहे, आणि तिच्या पंथात नाताळ पाळत नाहीत. तिथे गुजराती मुलगा असू शकतो, सोमाली मुलगी असू शकते. पाटीवर कंपनीने काय लिहावं हे कंपनीचं काम. पण माणसाने माणसाला काय म्हणावं हे त्या दोघांवर सोडलेलं बरं. कोणी 'मेरी ख्रिसमस' म्हटलं तर आनंदाने घ्यावं, कोणी 'हॅपी हॉलिडेज' म्हटलं तर तेही तसंच.

आपल्या दारातला तोच प्रश्न

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर ऑक्टोबर २०२१ आठवा. फॅबइंडियाने 'जश्न-ए-रिवाज' या नावाने कपड्यांची जाहिरात केली. दिवाळीचं उर्दूकरण केलं असा आरोप झाला, खासदार तेजस्वी सूर्या यांनी आर्थिक किंमत मोजावी लागेल असा सूर लावला, आणि कंपनीने ते ट्वीट काढून टाकलं. आपला दिवाळीचा संग्रह हा नव्हेच, असा खुलासाही केला. देश वेगळा, सण वेगळा, भांडणाचा साचा मात्र तोच: नाव गेलं, म्हणजे कोणीतरी चोरलं. आणि नाव परत मिळाल्यावर त्या कापडाचे विणकर, शिंपी, दुकानातली पोरं यांच्या दिवाळीत काय फरक पडला, हे विचारायला कोणी थांबलं नाही.

पण नावाचा आणखी एक वापर आपल्याला घरचाच माहीत आहे. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. इंग्रजी मासिकांच्या नाताळ विशेषांकांचा कित्ता त्यांच्यासमोर होता. म्हणजे नाताळच्या बाजारपेठेतली एक चीज उचलून त्यांनी ती मराठीत आणली आणि मुखपृष्ठावर बिनदिक्कत आपल्या सणाचं नाव घातलं. गेल्या शंभरहून अधिक वर्षांत या दिवाळी अंकांत सगळ्या जातिधर्मांच्या लेखकांनी, आस्तिकांनी, नास्तिकांनी लिहिलं आणि सगळ्यांनी ते वाचले. मुखपृष्ठावर दिवाळी आहे म्हणून कोणी बाहेर राहिलं नाही, आणि आत देवाधर्माचं काही नाही म्हणून दिवाळीचा अपमान झाला असंही फारसं कोणाला वाटलं नाही.

मराठीत आपण ख्रिसमसला नाताळ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचा अर्थच जन्म. वसईच्या, वांद्र्याच्या किंवा पुण्यातल्या कॅम्पातल्या बेकरीवर 'नाताळनिमित्त केक मिळतील' अशी पाटी लागते, तेव्हा त्या पाटीत एका धर्माची मूळ घटना आलेली असते. रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांतले बरेच जण त्या धर्माचे नसतात. मालकही अनेकदा नसतो. रांगेतल्या कोणालाच ते नाव खुपत नाही, कारण ते तिथे कोणी लावायला लावलेलं नाही. आत काय मिळतं, एवढंच ते सांगतं.